लसूणघास : त्याची वाढ व निगा

मेथीची जुडी निवडण्याचें काम तुमच्यापैकीं बहुतेकांनीं घरीं केलेलेंच असेल. मेथीच्या प्रत्येक देठावर तीन तीन पानें असतात, ही गोष्ट तुमच्या दृष्टीस पडली आहे काय? आतां एखाद्या शेताच्या बांधावर जाऊन लसूणघासाची एक काडी खुडून पाहा. तींच तीन पानें, आणि पानांच्या टोकाशीं तशीच बारीक दांतेरी कड. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या दोघांस एकाच कुळांतील जवळचे आप्त मानतात. लसणाशीं मात्र ह्या घासाचा कांहींएक संबंध नाहीं. इंग्रजी 'ल्यूसर्न' हें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं रुळतां रुळतां त्याचें 'लसूण' झालें असावें, असें मला वाटतें. कोठें ह्यास 'विलायती गवत' म्हणतात, हिंदी भाषेंत 'रिजका' व गुजरातेंत 'रजको' हीं नांवें आहेत, आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत नुसतें 'घास' म्हटलें कीं पुरे होतें. गवत हें नांव खरें पाहतां ह्यास शोभत नाहीं. ज्वारी, बाजरी, मका हीं गवताच्या जातीचीं पिकें होत. हा घास हरभरा व तूर ह्यांच्या कुळांतला आहे, आणि त्याचे सारे गुण व सारे धोके ह्या एका गोष्टींतून निघतात.

ह्याचें मूळ घर इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश. दानीएलाच्या पुस्तकांत ज्या मेदी लोकांचें नांव तुम्ही वाचतां, त्यांच्या देशावरून ग्रीक लोकांनीं ह्यास नांव दिलें, आणि शास्त्रीय नांवांतील 'मेडिकागो' हा शब्द त्यावरूनच आला. इराणी बादशहा डरायस ह्याच्या स्वाऱ्यांच्या वेळीं हें पीक ग्रीस देशांत आलें, असें रोमन लेखक प्लिनी ह्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे. पुढें अरबांनीं तें स्पेनमध्यें नेलें, तेथें 'अल्फाल्फा' हें नांव रूढ झालें, व स्पॅनिश लोकांबरोबर तें अमेरिकेस पोंचलें. आपल्या इकडे इंग्रजी अमदानींत लष्करी छावण्यांच्या आसपास घोड्यांच्या वैरणीसाठीं ह्याची लागवड होत असे. घोडे गेले, घास मात्र गाईम्हशींच्या दावणीस येऊन राहिला.

ह्याचें बीं फारच बारीक असतें. एका ग्रॅममध्यें चारशेंहून अधिक दाणे भरतात. म्हणून तें खोल पडतां कामा नये. अर्धा इंच माती वर आली तरी पुरे. अधिक आली तर कोंब वर येण्यापूर्वींच दाण्यांतील शिदोरी संपते. उगवल्यावर आधीं दोन दले दिसतात, मग एक साधें एकेरी पान येतें, आणि त्यानंतर तीन पानांची रीत सुरू होते. ह्याच सुमारास एक मौज घडते. रोपाच्या मुळाचा वरचा भाग आंखडतो व जेथें दले फुटलीं होतीं तो सांधा हळूहळू मातीखालीं ओढला जातो. तेथें पुढें जाडसर माथा तयार होतो आणि त्या माथ्यावर नव्या फुटीचे डोळे असतात. डोळे जमिनीलगत व जमिनीखालीं सुरक्षित राहिल्यामुळें वरचा सारा पाला कापला, जनावरानें ओरबाडला किंवा उन्हानें करपला, तरी झाड मरत नाहीं. तिकडे मूळ सरळ खालीं जात असतें. चांगल्या निचऱ्याच्या जमिनींत तें दहापंधरा फुटांपर्यंत सहज पोंचतें. ज्वारीच्या तंतुमुळांस न सांपडणारी ओल त्यास सांपडते ती ह्यामुळेंच.

एखादें रोप मुळासकट हलक्या हातानें खणून काढा आणि बादलींत धुवा. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या किंवा जराशा लांबट गाठी दिसतील. नखानें एक गाठ फोडा. आंत फिकट गुलाबी रंग दिसला, तर गाठ काम करीत आहे असें समजावें. हिरवट किंवा करडी दिसली, तर तिचें काम संपलें आहे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्या जवळच्या एका द्रव्याचा आहे, हें ऐकून वर्गांतील मुलें नेहमीं माझ्याकडे संशयानें पाहतात. पण तें खरें आहे. गाठींत सूक्ष्म जीवाणु राहतात. झाड त्यांस साखर पुरवतें आणि ते हवेंतील नत्र वायु बांधून झाडास देतात. द्विदल पिकें जमीन सुपीक करतात हें शेतकऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु त्याचें कारण ह्या गाठी होत, हें जर्मनींत हेलरीगेल व विलफार्थ ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं जाहीर केलें, आणि १८८८ सालीं डच शास्त्रज्ञ बायरिंक ह्यानें गाठींतील जीवाणु वेगळा काढून वाढविला.

ह्यांतून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी. प्रत्येक द्विदलास आपला आपला जीवाणु लागतो. हरभऱ्याचा जीवाणु घासास चालत नाहीं. ज्या जमिनींत पूर्वीं कधीं घास झाला नाहीं, तेथें पेरतांना बियांस जीवाणुसंवर्धन चोळावें. १० किलो बियांस २५० ग्रॅमचें एक पाकीट लागतें. गुळाच्या पाण्यांत कालवून बियांस लावावें व सावलींत सुकवून लगेच पेरावें. उन्हांत सुकविल्यास जीवाणु मरतात आणि पाकिटाचे पैसे फुकट जातात. जुने लोक जुन्या घासाच्या वाफ्यांतील माती आणून नव्या वाफ्यांत पसरीत असत, तीही युक्ति योग्यच होती. गाठी लागल्यावर युरियाची जरूर फारशी राहत नाहीं. सुरवातीस हेक्टरीं १५ ते २० किलो नत्र पुरे. पण स्फुरद मात्र त्याच्या चार-पांच पट द्यावें लागतें. पिवळा घास दिसला कीं युरियाची गोण उघडणारे शेतकरी मी पाहतों. त्यांनीं आधीं एक रोप उपटून गाठ फोडून पाहिली, तर पुष्कळ खर्च वांचेल.

जमीन मध्यम ते भारी चालते, पण पाणी निचरून गेलें पाहिजे. साचलेल्या पाण्यांत हें मूळ गुदमरतें व कुजतें; पावसाळ्यांत सखल वाफ्यांतील घास प्रथम मरतो तो ह्याच कारणानें. पेरणीचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. हेक्टरीं २० ते २५ किलो बीं, फुटाफुटावर ओळींत पेरावें. फेकून पेरल्यास निंदणी कठीण होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची आर. एल. ८८ ही बहुवर्षायु जात आपल्या भागांत चांगली चालते. गुजरातेंतील आनंद-२ हीहि प्रसिद्ध आहे. पाणी हिवाळ्यांत दहाबारा दिवसांनीं व उन्हाळ्यांत आठवड्यानें लागतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं, तो म्हणजे कापणी. घास पेरणें सोपें, पण तो तीन वर्षें टिकविणें कठीण. आणि तो टिकतो किंवा मरतो तो विळ्यामुळें.

आपल्या आजोबांच्या वाड्यांत धान्याचें पेंव असे. सुगींत भरावें, पावसाळ्यांत उघडावें. घासाचें मूळ व माथा हें असेंच एक पेंव आहे. पाला कापला कीं झाडास अन्न करावयास पानेंच उरत नाहींत. मग नवी फूट कशावर वाढते? पेंवांतल्या सांठ्यावर. कापणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे मुळांतील पिष्ट व साखर कमी कमी होत जाते. पानें पुरेशीं वाढलीं म्हणजे तीं स्वतःचा निर्वाह करून उरलेलें अन्न खालीं पाठवूं लागतात, आणि फुलें येऊं लागेपर्यंत पेंव पुन्हां भरतें. कोंवळ्या घासाची एकदोन वेळां लवकर कापणी झाली तर झाड सोसतें. पण पंधरा-पंधरा दिवसांनीं विळा फिरत राहिला, तर प्रत्येक वेळीं अर्धवट भरलेलें पेंव उघडलें जातें. फूट बारीक होते, ओळींत खंड पडतात, तेथें हरळी व लव्हाळा शिरतो, आणि वर्षाच्या आंत मालक म्हणतो, 'बियाणेंच खोटें निघालें.' उलट फार उशीर केला तर काड्या काष्ठवत् होतात, खालचीं पानें गळतात, आणि ह्या घासाचें बरेंचसें प्रथिन तर पानांतच असतें. म्हणून मधला क्षण साधावा : शेतांत दहा झाडांमागें एकास जांभळें फूल दिसूं लागलें, किंवा माथ्याशीं नव्या फुटीचे कोंब दिसूं लागले, कीं कापणीस यावें. पेरल्यापासून पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनीं, पुढच्या बहुधा २५ ते ३० दिवसांनीं. विळा जमिनीस घासून न चालवितां दोन-अडीच इंच बुडखा राखावा.

हें सारें पुस्तकांत वाचतांना सोपें वाटतें. पण ज्या घरीं एकच गाय आहे, दोन वाफे घास आहे आणि दूध डेअरीस घातल्यावरच किराणा येतो, त्या घरच्या बाईस संध्याकाळीं दावणींत कांहींतरी टाकावेंच लागतें. तिला 'अजून दहा दिवस थांब' असें सांगणें कोणास शोभेल? म्हणून थांबण्याचा उपदेश करण्यापेक्षां थांबावें न लागेल अशी आंखणी आधींच करणें बरें. गणिताच्या तासास शोभेल असा हा हिशेब आहे. गाईस रोज १० किलो घास द्यावयाचा. म्हणजे २८ दिवसांस २८० किलो झाला. चांगल्या राखलेल्या घासापासून गुंठ्यास एका कापणीला सुमारें ८० किलो मिळतात असें धरा. तर एका गाईस साडेतीन गुंठे पुरतात. ह्या साडेतीन गुंठ्यांचे २८ वाफे पाडा; एक वाफा गुंठ्याचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारें नऊ फूट रुंद व पंधरा फूट लांब येईल. रोज एक वाफा कापावा. अठ्ठाविसावा वाफा संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशीं पहिला पुन्हां तयार असतो. कडाक्याच्या थंडींत व ढगाळ दिवसांत वाढ मंदावते आणि पाळी पांच आठवड्यांवर जाते. तेवढ्यासाठीं सात वाफे जास्त ठेवावे, म्हणजे भुकेच्या घाईनें कोंवळ्या वाफ्यास हात लावावा लागणार नाहीं.

दहा किलो हिरव्या घासांत पाणीच पुष्कळ, कोरडा भाग दोन-सव्वादोन किलोच. पण त्या कोरड्या भागांत शेंकडा १८ ते २० प्रथिनें असतात. कडब्यांत तीं तीन-चारच. म्हणजे ह्या दहा किलोंतून गाईस सुमारें चारशें ग्रॅम प्रथिन मिळतें, जवळजवळ एक किलो शेंगदाणा पेंडींत असतें तितकें. शिवाय चुन्याचा अंश भरपूर, जो दुभत्या जनावरास फार लागतो. पेंडीचा भाव ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या साडेतीन गुंठ्यांची किंमत वेगळी सांगावयास नको.

परंतु ह्याच प्रथिनांत धोका आहे. कोंवळ्या, दंवानें ओल्या घासांतील प्रथिनें गाईच्या कोठीपोटांत झटकन विरघळतात आणि तेथें दाट, न फुटणारा फेस तयार होतो. कोठीपोटांत वायु तर सतत उत्पन्न होतच असतो. एरवीं तो ढेकरेवाटे जातो. फेसांत अडकलेला वायु बाहेर पडत नाहीं, पोट फुगतें, फुफ्फुसें दाबलीं जातात. गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एका मुलीच्या घरची गाय पहाटे दावें तोडून घासांत शिरली. सूर्य वर येण्यापूर्वीं ती गेली. त्या घरीं दुसरें जनावर नव्हतें. म्हणून घास कापल्यावर कांहीं तास सुकूं द्यावा, गाईस आधीं कडबा किंवा दुसरी कोरडी वैरण घालावी व मग घास द्यावा, भुकेल्या जनावरास घासाच्या वाफ्याजवळ बांधूं नये, आणि हिरव्या वैरणींत घास निम्म्याहून अधिक असूं नये. उरलेला भाग मका किंवा कडवळाचा असावा. डावी भकाळी ढोलासारखी फुगली व जनावर उठबस करूं लागलें, तर त्याचे पुढचे पाय उंचावर येतील असें उभें करावें, पाव लिटर गोडेतेल हळूहळू, श्वासनळींत न जाईल अशा बेतानें पाजावें, आणि लगेच पशुवैद्यास बोलवावें. तेलानें फेस फुटतो. रोग वाढला तर पशुवैद्य भकाळींतून नळी घालून वायु काढतो. तें काम आपण चाकूनें करण्याच्या भरीस पडूं नये.

घासाचा दुसरा वैरी अमरवेल. पिवळ्या सुतासारखी ही वेल घासावर गुंडाळलेली दिसते. तिला पानें नाहींत, हरितद्रव्य जवळजवळ नाहीं. उगवल्यावर आधार मिळाला कीं तिचें जमिनींतलें मूळच वाळून जातें आणि शोषक मुळांनीं ती घासाचा रस पिऊन वाढते. तिचें बीं घासाच्या बियांत मिसळून येतें व मातींत कित्येक वर्षें जिवंत राहतें. म्हणून स्वस्त, उघड्या पोत्यांतलें बीं घेणें अखेरीस महाग पडतें. एखाद्या वाफ्यांत ती दिसली, तर फुलण्याआधीं तिच्यासकट घास जमिनीलगत कापून तेथेंच जाळावा. वेलीचे तुकडे बांधावर किंवा शेणखताच्या उकिरड्यांत टाकूं नयेत. तुकड्यापासूनहि ती पुन्हां धरते.

येथें पाण्याचा प्रश्नहि सोडून चालणार नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत ब्रिग्ज व शान्ट्स ह्यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अनेक पिकें डब्यांत वाढवून त्यांचें पाणी मोजलें. एक किलो कोरडा पाला तयार करण्यास ज्वारीस सुमारें तीनशें किलो पाणी लागलें, आणि घासास आठशेंहून अधिक. एकीकडे पेंडीची बचत, दुसरीकडे हा खर्च. नगर, बीड, सोलापूर ह्या जिल्ह्यांत २०१२-१३ च्या दुष्काळांत जनावरें चारा छावण्यांत न्यावीं लागलीं, हें तुमच्या घरच्यांस विसरलें नसेल. तेव्हां माझें मत असें कीं, विहीर जितक्या गुंठ्यांस मे महिन्यापर्यंत पाणी देऊं शकेल तितकाच घास करावा, आणि पोट भरण्याची वैरण कडवळ व कडबा ह्यांवर सोपवावी. नुसती हिरवीगार दिसते म्हणून एकरच्या एकर घास लावून पेंढ्या बाजारांत विकणें, हें दुष्काळी गांवांत पाणीच बांधून विकण्यासारखें आहे. पाणी तुटलेंच, तर खोल मुळामुळें घास कांहीं काळ निजून राहतो व पाऊस येतांच फुटतो. अशा वेळीं त्यावर विळा न चालवितां राहूं द्यावा.

फुलाविषयीं दोन शब्द, कारण तें पाहण्यासारखें आहे. फुलाच्या खालच्या दोन पाकळ्यांची होडी होते व तींत पुंकेसरांची दांडी ताणलेल्या कमानीसारखी दाबून धरलेली असते. माशी होडीवर बसली कीं कमान सुटते, दांडी उसळून माशीच्या डोक्यावर आपटते आणि परागकण तिला चिकटतात. मधमाशीस हा टोला आवडत नाहीं. ती लवकरच बाजूनें सोंड घालून मध चोरावयास शिकते. पानें कातरणारी एक एकांडी माशी मात्र टोल्यास भीत नाहीं, म्हणून अमेरिकेंत बियांच्या शेतांत ती मुद्दाम पाळतात. टांचणीच्या टोकानें होडी दाबून तुम्हांसहि कमान सोडून पाहतां येईल. बीं धरावयाचें असल्यास थंडी सरतांना एक-दोन वाफे न कापतां राखावे. शेंगा गोगलगाईच्या शंखासारख्या पीळदार होतात व करड्या पडल्या कीं काढाव्या.

तीन-चार वर्षांनीं घास विरळ होतो. तेव्हां खंडांत नवें बीं टाकण्याचा मोह होतो, पण तें सहसा रुजत नाहीं. जुन्या झाडांतून मातींत उतरणारीं द्रव्यें आपल्याच जातीच्या नव्या रोपांस बाधतात. त्यापेक्षां वाफा नांगरून टाकावा आणि नवा घास दुसऱ्या तुकड्यांत पेरावा. नांगरलेल्या जागीं पहिलें पीक ज्वारी, मका किंवा गहूं घ्यावें. मुळें व गाठी कुजून त्यांतलें नत्र त्या पिकास मिळतें, आणि जाड मुळांच्या जागीं राहिलेल्या बिळांतून पावसाचें पाणी खोल उतरतें. अशा जागेंतील ज्वारीचीं ताटें शेजारच्या वाफ्यापेक्षां गडद हिरवीं दिसतात. पुढच्या हंगामांत बांधावरून जातांना तीं ओळखून पाहावीं.